राखणदाराची बाटली

मी कंडक्टर होतो तेव्हाची गोष्ट. लोंढा स्टेशनात गोव्याकडची रेल्वे लागली, की तिची माणसं घेऊन आमची सर्विस मोटार जगलबेट, सुपे करत जोयड्याला जायची आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायची. मालक खानापूरचा, ड्रायव्हर बेळगावकडचा, आणि मी खानापूर तालुक्यातल्याच एका खेड्यातला. सातवी पास, अंगात खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला. तो बिल्ला मी रोज सकाळी चिंचेनं घासायचो. बावीस वर्षांचा होतो आणि ती मोटार माझीच आहे असा माझा समज होता. खुद्द मालकालाही ती आपली आहे असं इतकं वाटत नसेल.

सुपे त्या वेळी मुंबई राज्यात होतं आणि मुंबई राज्यात दारूबंदी होती. घाटाखाली गोवा पोर्तुगिजांचा. तिथं जहाजानं येणाऱ्या परदेशी बाटल्यांना जकात नसल्यातच जमा, आणि काजूची दारू तर घरोघर. घाटावर जो गुन्हा, तो घाटाखाली पाहुणचार. म्हणून मालकानं ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: ‘दारू बाळगणाऱ्या इसमास गाडीत घेतले जाणार नाही. आढळल्यास उतरविण्यात येईल.’ सुप्याच्या अलीकडं दारूबंदीचा नाका होता. गाडीत कुणी पिताना सापडलं, किंवा कंडक्टरनं लपवून ठेवलेलं सापडलं, तर गाडीचं परमिट जायचं. कंडक्टरनं आपण होऊन दाखवून दिलं तर गाडीला काही नाही. हे सगळं मालकानं मला पहिल्याच दिवशी समजावून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक समजावलं. इमारती लाकडाचा एक बडा ठेकेदार महिन्या-दोन महिन्यांनी गोव्याहून यायचा. सगळे त्याला साहेबच म्हणत. त्याचं लाकूड वाहायचं काम मालकाला हवं होतं. “साहेबांची बडदास्त ठेव,” मालक म्हणाला. बडदास्त म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. असल्या गोष्टी माणूस न शिकवता शिकतो.

त्या दिवशी दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील. साहेब रेल्वेतून उतरले. हातात चामड्याची बॅग. मी धावत जाऊन ती घेतली. आत बाटल्या एकमेकींवर आपटल्या तसे साहेब म्हणाले, “जपून रे, विलायती आहेत.” त्यांच्याकडं प्रकृतीसाठी म्हणून दारू बाळगायचं सरकारी परमिट होतं आणि हद्दीवरच्या कॅसलरॉकच्या तपासणीतून त्या बाटल्या सुखरूप सुटल्या होत्या. पण ते परमिट घरात बसून पिण्याचं. मोटारीत पिण्याचं परमिट कुणालाच नव्हतं. मी त्यांना ड्रायव्हरशेजारची गादीची सीट दिली आणि खड्ड्यात बाटल्या फुटू नयेत म्हणून बॅगेखाली माझा स्वतःचा टॉवेल घडी करून घातला.

लोंढा सोडून आम्ही जंगलात शिरलो तशी साहेबांनी बॅग उघडली. मला बोटानं खुणावलं. गाडीच्या पुढं कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगलेली असायची. एका चढावर गाडी जरा थांबली, तेव्हा तिच्यातलं गार पाणी मी त्यांच्या मगात ओतून दिलं. बाकीचं त्यांनी ओतून घेतलं. थोड्या वेळानं त्या गोडसर, तिखट वासानं गाडी भरली. तिसऱ्या रांगेत सुप्याला जाणारी एक बाई होती, चांगल्या घरची, पोक्त. तिनं नाकाला पदर लावला आणि मला म्हणाली, “कंडक्टर, कसला वास मारतोय हा?”

“पेट्रोलचा हाय, बाई,” मी म्हणालो.

मग तिनं खिडकीची ताडपत्री वर केली. ड्रायव्हर पुढं बघून हसत होता. मलाही आपण फार हजरजबाबी आहोत असं वाटलं.

जगलबेटला तो म्हातारा चढला. कुणबी होता, जोयड्याच्या अलीकडं डोंगरात त्याचा गाव. कमरेला पंचा, खांद्यावर कांबळं, पाय घोट्यापासून सुजलेले. दोन दिवस तो गोव्याच्या सोयऱ्यांकडून घाट चढून चालत आला होता. एरवी ही माणसं मोटारीत बसत नसत. पायांनी दगा दिला म्हणूनच तो बसला असणार. छातीशी त्यानं सोड्याची एक जुनी बाटली धरली होती, तिच्या तोंडाला लाकडी बूच आणि बुचावर रानमधाच्या मेणाचा जाड थर.

पायरीवर उभा राहूनच तो मला म्हणाला, “पुता, ही काजूची हाय. राखणदाराची. तुझ्या मोटारीत नेतो, सांगून नेतो.”

तिकडं गावाच्या सीमेवर, डोंगराच्या कडेला राखणदाराची जागा असते. भात पिकलं की पहिला वाटा त्याचा, नारळ आणि थोडी दारू. तो दिल्याशिवाय शेतात कुणी विळा लावत नाही. पूर्वी ही दारू गावातच निघायची. दारूबंदी आली, भट्ट्या मोडल्या, आणि राखणदाराचं काय करायचं ते मुंबईच्या कायद्यात कुणी लिहिलं नव्हतं.

मी म्हणालो, “अज्जा, अशी वरडून काय सांगतोस? कांबळ्यात गुंडाळ नि गप बस.”

“लपवायची न्हाई,” तो म्हणाला. “ज्याच्या उंबऱ्यातनं न्यायची त्याला खरं सांगायचं. खोटं बोलून, लपवून नेली तर ती चोरीची झाली. चोरीचं तो घेत न्हाई. आनि त्याच्या जाग्यावर पोचेस्तवर भुईलाबी टेकवायची न्हाई.”

“पाय कशाला एवढे दुखवलेस? चार दिवसांनी गेला असतास.”

“भात उभं हाय न्हवं. दाणं गळाया लागल्यात. राती डुकरं येत्यात. सगळा गाव विळं घासून वाट बघत बसलाय.”

मी त्याचं तिकीट फाडलं आणि त्याला सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं. नियमानं त्याला घ्यायलाच नको होतं. पण मोटारीत जागा होती, आणि खरं सांगायचं तर साहेबांच्या वासात आणखी एक बंद बाटली म्हणजे काहीच नव्हतं. मीच तेव्हा उदार झालो होतो. त्या उदारपणाची आठवण आली की मला अजून स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

नाक्यावर त्या दिवशी नेहमीचा शिपाई नव्हता. नवा हवालदार होता, मिशीवाला, कोरा करकरीत. नेहमीच्या शिपायानं साहेबांना सलाम केला असता आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर केला असता. हा पुढच्या दारातून आत डोकावला, नाक फुगवून त्यानं श्वास घेतला आणि हळू आवाजात मला विचारलं, “वास कुणाचा?”

साहेबांनी हातातला मग केव्हाच बॅगेत सारला होता. ते बाहेरच्या झाडांकडं बघत होते, जणू जन्मात झाडं पाहिली नव्हती. ड्रायव्हर माझ्याकडं बघत होता. मालकाचं परमिट, साहेबांचं लाकूड, माझा बिल्ला, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला वेळ मिळाला नाही असं मी पुढं कित्येकदा स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. वेळ भरपूर होता. मी विचार करूनच बोललो.

“मागं एका म्हाताऱ्याकडं बाटली हाय,” मी म्हणालो. “त्याचाच वास.”

हवालदार मागच्या दारानं चढला. पुढच्या दाराशी झालेलं बोलणं म्हाताऱ्याला ऐकू जायचं कारण नव्हतं, मी त्याच्या बाटलीचं सांगितलं एवढंच त्याला कळलं असणार. त्यानं बाटली लपवली नाही, उलट दोन्ही हातांनी पुढं धरली. हवालदारानं ती घेतली, उलटी करून बघितली, अंगठ्यानं मेण दाबून बघितलं. मेणाला कुठं चीरसुद्धा नव्हती. असल्या बाटलीतून वास कसा येईल, हे त्याला समजलं. त्यानं मान वळवून एकदा पुढच्या सीटकडं बघितलं, साहेबांच्या कोटाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. तोही नवाच होता. त्यालाही नोकरी होती.

“खाली उतर, म्हाताऱ्या. ओतून टाकायची ही.”

सगळी मोटार खाली उतरली. एवढंसं काही असलं तरी माणसं उतरतातच. साहेब तेवढे बसून राहिले. हवालदारानं चाकूनं मेण खरवडलं, बूच काढलं, तसा म्हातारा पुढं झाला. “ओतायचीच असंल तर मी ओततो,” तो म्हणाला. “भुईला लागली म्हंजे दिल्यासारखीच. मग नीट द्याया पायजे.”

हवालदारानं बाटली त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं खांद्यावरचं कांबळं काढून माझ्या हातात दिलं, कुणाच्या तरी हातात द्यायचं म्हणून. मग तो डोंगराकडं तोंड करून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. सुजलेल्या पायांनी बसताना त्याला फार कष्ट झाले. बाटलीची धार त्यानं हळूहळू मातीवर सोडली आणि राखणदाराला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

“डोंगराच्या धन्या, तुझा वाटा वाटंतच दिला. जागा तुझी न्हाई ही, पर माती तुझीच हाय. गोड मानून घे.”

“व्हय म्हाराजा,” माणसं म्हणाली. गाऱ्हाण्याला असं म्हणायचं असतं, ते कुणाला सांगावं लागत नाही.

“उभ्या भाताला डुकराचं त्वांड लावू नको.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या मोटारीला राख. हिच्या चाकाखाली दगूड येऊ दिऊ नको. ह्या पोराला राख. खरं बोललं पोरगं.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. हवालदारही ओठात म्हणाला. मीही म्हणालो. त्याचं कांबळं हातात धरून, डोळे खाली करून, मी स्वतःसाठी व्हय म्हाराजा म्हणालो.

तिसऱ्या रांगेतली ती बाई तेवढी गप्प होती.

हवालदार म्हणाला, “जाऊ दे त्याला. म्हातारा हाय.” प्रकरण तिथंच मिटलं होतं. म्हाताऱ्यानं रिकामी बाटली पंचाच्या गाठीत बांधली आणि तो मोटारीकडं आला. पायरीवर हात ठेवून त्यानं विचारलं, “चढू न्हवं?”

आणि मी त्याला चढू दिलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. हवालदारानं नाही, ड्रायव्हरनं नाही. मी त्याला फळीवरचा बोर्ड दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यांदा वाचून दाखवला, अगदी छापील भाषेत, ‘आढळल्यास उतरविण्यात येईल’. तो पुढं दोन तास माझ्या पाठीमागं बसून राहील, मला पुता म्हणेल, हे मला सोसणार नव्हतं. म्हणून मी नियमाच्या आड लपलो. त्याचं तिकीट फाडलेलं होतं. जोयड्याच्या अलीकडचा त्याचा फाटा तिथून कितीतरी लांब होता.

“बरं,” म्हातारा म्हणाला. “नियम हाय म्हंजे हाय.” त्यानं माझ्या हातातलं कांबळं घेतलं आणि चालू लागला. आमची मोटार त्याच्या बाजूनं पुढं गेली तेव्हा तो धूळ लागू नये म्हणून झाडाला टेकून उभा होता. त्यानं हात वर केला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून त्याला उत्तर दिलं.

“शाबास रे गड्या,” ड्रायव्हर मला म्हणाला. “पुढच्या साली इन्स्पेक्टर होशील तू.” साहेबांनी मागं न बघता खांद्यावरून एक विलायती सिगरेट पुढं केली. मी ती घेतली. ओढली नाही, पण घेतली, कानावर ठेवली आणि सुप्यापर्यंत ती तिथंच होती. सुप्याला ती बाई उतरली. पायरीवरून वळून तिनं मला विचारलं, “पेट्रोलचा वास गेला का रे आता?” मी तिचं गाठोडं खाली देण्यात फार गुंतलोय असं दाखवलं.

वर्षभर मी त्या फाट्याकडं बघणं टाळलं. तिथं कुणी हात केला, तर आधी त्याचे पाय सुजलेले नाहीत ना ते बघायचो आणि मग दार उघडायचो. तो मेला असेल असंही मनात यायचं, आणि त्यानं मला बरं वाटायचं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. नवा हवालदार तोवर जुना झाला होता आणि साहेबांना सलाम करायला शिकला होता. माझा बिल्ला मी घासायचं सोडून दिलं होतं. मालकानं त्याबद्दल दोनदा हटकलं.

पुढच्या दिवाळीनंतर जगलबेटला म्हातारा पायरीवर उभा. तेच कांबळं, छातीशी मेण लावलेली बाटली. या खेपेला पाठीला एक गाठोडंही होतं. मी काही बोलायच्या आधी त्यानं ते गाठोडं माझ्या पायाशी ठेवलं.

“तुझा वाटा, पुता.”

आत कंद होते. मुडल्या, कणगी, डोंगरातल्या मातीनं भरलेले. त्यांच्याकडचा हा मोठा माल. सोयऱ्याधायऱ्यांनाच देतात.

“कशाबद्दल, अज्जा?”

“गाऱ्हाण्यात तुला घातलेलं न्हवं? ज्याला घातलं त्याला वाटा द्याचा. गेल्या साली एक डुक्कर शेतात शिरलं न्हाई बघ. राखणदारानं वाटंतलं घेतलं. मी गावात सांगितलं, कंडक्टर खरं बोलला म्हनून पोचलं त्ये.” मग त्यानं बाटली दोन्ही हातांनी पुढं धरली. “ही काजूची हाय. राखणदाराची. सांगून नेतो.”

मी मान हलवली. तिकीट कुठलं ते विचारलंच नाही. त्याला मी मागं पाठवलं नाही, पुढच्या गादीच्या सीटवर बसवलं. त्या दिवशी साहेब नव्हते. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, पण माझं तोंड बघून गप्प बसला. सगळ्या वाटेत मी एकच ठरवत होतो, की काहीही होवो, आज ही बाटली हिच्या जागेवर पोचवायची. गेल्या वर्षीचं फेडायचं. मला जवळजवळ आनंद झाला होता.

नाक्यावर तोच हवालदार आला. त्यानं दारातून विचारलं, “काय हाय का रे गाडीत?”

“काय न्हाई,” मी म्हणालो. मोठ्यांदा म्हणालो. आणि म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या बाटलीवर मी माझा टॉवेल टाकला होता, नाका दिसायच्या आधीच. त्याला वाटलं असेल ऊन लागू नये म्हणून.

बांबू वर झाला. मोटार सुटली. मी म्हाताऱ्याकडं वळून हसलो. तो हसला नाही. त्यानं टॉवेल उचलला, नीट घडी केला आणि माझ्याकडं दिला. पुढं सुपे आलं, गेलं, तो बाटलीकडं बघत बसला.

त्याच्या फाट्याला मोटार थांबली. मी हात धरून त्याला उतरवलं. वर डोंगराच्या उतारावर त्यांचं भात दिसत होतं, पिवळं, आडवं पडायच्या बेतात. फाट्यापाशी दोन बायका आणि एक गडी त्याला न्यायला येऊन उभे होते. गड्याच्या हातात नारळ होता. म्हातारा त्यांच्याकडं गेला नाही. त्यानं बाटली माझ्या हातात दिली.

“ही ठेव तू.”

“अज्जा, पोचली की. घेऊन जा.”

“आता चालायची न्हाई त्याला,” तो म्हणाला. रागानं नाही, पोराला समजावतात तसं. “तू झाकलीस. न्हाई म्हनालास. माझ्यासाठनं केलंस, मला कळतंय. पर ती चोरीची झाली.”

“मग आता?”

“मागारी जातो घाटाखाली. चार दिस लागत्याल.” त्यानं उताराकडं एकदा बघितलं. “तेवढं थांबंल भात. थांबंल असं वाटतंय.” त्यानं त्या गड्याला हाक मारून दोन शब्दांत सांगितलं. गडी नारळ घेऊन तसाच उभा राहिला. बायकांपैकी एक मटकन खाली बसली.

मी म्हणालो, “मोटारीनं चल, उद्या लोंढ्याला सोडतो. तिकीट नको.”

“उद्यापतोर अर्धी वाट चालून हुईल,” तो म्हणाला, आणि माझ्या दंडावर हात ठेवला. “वाईट वाटून घेऊ नको, पुता. गेल्या साली कसा सरळ बोलला हुतास. तसं बोलायचं. त्ये पोचतं.”

त्या वेळी त्याला सांगायला हवं होतं. वास साहेबांचा होता. तुझी बाटली मेणानं बंद होती आणि मी खोटं बोललो. गेल्या वर्षीची तुझी बाटली माझ्या खोट्यानंच मातीत गेली. या वर्षी त्याला चार दिवस चालायचं होतं, ते माझ्या दुसऱ्या खोट्यापायी. निदान पहिलं खोटं तरी कबूल करायला हवं होतं. पण ते ऐकल्यावर गेल्या वर्षीचंही चोरीचं झालं असतं, आणि गावाला त्यानं जे सांगितलं तेही. असं मी मला समजावलं. खरं कारण एवढंच, की त्यानं दंडावर ठेवलेला हात त्यानं काढून घेऊ नये असं मला वाटत होतं.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. म्हातारा आलेल्या वाटेनं परत निघाला, सुप्याच्या दिशेनं, कडेकडेनं. मी बाटली घेऊन पायरीवर चढलो. पायाशी त्याचे कंद होते.

“सरळ बोललो हुतो मी त्या साली, न्हाई का?” असं काहीतरी मी ड्रायव्हरला म्हणालो. साहेबांचा वास त्या साली त्यालाही आला होता. त्यानं गिअर टाकला.